सूझनची कैफियत

सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या सात कथांचे वाचक, मग ते बारा वर्षांचे असोत की बासष्ट वर्षांचे, एकमेकांशी बोलू लागले म्हणजे अस्लान सिंहाचा महिमा, पांढऱ्या चेटकिणीचा शंभर वर्षांचा हिवाळा आणि कपाटातून निघणारी ती वाट यांची उजळणी आटोपून संभाषण बहुधा एकाच जागी येऊन अडते : शेवटच्या कथेत सूझनला बाहेर का ठेवले? बालवाङ्मयातील एका पात्रावरून जाणत्या माणसांनी इतक्या हिरिरीने भांडावे याचे कोणाला हसू येईल. पण मोक्षाचा अधिकार कोणाला आणि तो नाकारण्याचा अधिकार कोणाला, हा पुरातन वादच येथे नव्या वेषात उभा आहे, आणि ज्यांनी धर्मग्रंथ उघडलेला नसतो तेही या निमित्ताने त्यात हिरिरीने पक्ष घेतात.

'द लास्ट बॅटल' ही अखेरची कथा 1956 सालची. तीत नार्नियाचा प्रलय होतो, आणि इंग्लंडात एका रेल्वे अपघातात पीटर, एडमंड व ल्यूसी ही भावंडे आणि त्यांचे आईबापही मृत्यू पावून अस्लानच्या शाश्वत देशात पोहोचतात. त्यांची बहीण सूझन त्या गाडीत नसते. राजा तिरियन तिची चौकशी करतो तेव्हा पीटर गंभीरपणे एवढेच सांगतो, की ती आता नार्नियाची स्नेही राहिलेली नाही. इतर पुरवणी जोडतात, की नार्नियाला ती लहानपणीचा खेळ म्हणते आणि तिचे चित्त आता नायलॉनचे मोजे, लिपस्टिक व मेजवान्यांची निमंत्रणे यांत गुंतले आहे. मुलीने वयात येणे हाच लुईस यांनी अपराध ठरवला, अशी फिर्याद फिलिप पुलमन यांनी 1998 साली जाहीरपणे मांडली, आणि ती पुष्कळांना पटली.

परंतु याच पुस्तकात एमेथ नावाचा एक तरुण सैनिक आहे, त्याला वगळून हा वाद निकालात काढता येत नाही. तो शत्रुपक्षाचा, जन्मभर ताश या क्रूर दैवताची निष्ठेने उपासना केलेला. तो शाश्वत देशात येतो आणि अस्लान त्याला सांगतो, की ताशच्या नावाने तू जे सत्कर्म केलेस ते माझ्याच खाती जमा आहे, आणि माझे नाव घेऊन कोणी क्रौर्य केले तर ते ताशच्या खाती. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. मात्र तेथे अन्य देवतांच्या भक्तांची पूजा भगवंताला पोहोचते तरी ती अविधिपूर्वक ठरते, आणि ज्ञानदेवही पाणी घालायचे तर मुळाशीच घालावे असे बजावतात. लुईस यांचा अस्लान विधीचा प्रश्नच काढत नाही. तो केवळ शोधाची तळमळ पाहतो. कट्टर आंग्लिकन म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनी एवढे औदार्य दाखवावे हे मला या मालेतील सर्वांत धाडसाचे पान वाटते.

मग परधर्मीयाला जे मिळाले ते एके काळी नार्नियाची राणी असलेल्या सूझनला का मिळू नये? आपल्या भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला सांगतात, की गोपी कामाने, कंस भयाने आणि शिशुपाल द्वेषाने भगवंताला पोहोचला. चित्त लागलेले असले म्हणजे झाले, मग ते वैराने का लागलेले असेना. अपवाद एकच, वेन राजाचा, कारण त्याचे चित्त कोणत्याच भावाने तिकडे लागलेले नव्हते. सूझनचा दोष असलाच तर तो या जातीचा आहे. तिने अस्लानचा द्वेष केला असता तर निदान त्याची आठवण राहिली असती. लिपस्टिक हे विस्मृतीचे चिन्ह म्हणून आले आहे, असे लुईस यांच्या बाजूने म्हणता येईल. पण चिन्ह निवडताना पुरुषाच्या विस्मृतीची चिन्हे, म्हणजे हुद्दा, पगार, क्लबातली खुर्ची, त्यांना सुचली नाहीत, हा ठपका मात्र पुसता येत नाही.

तथापि वाचकांच्या वादात एक गोष्ट सहसा निसटते. सूझनविरुद्ध जे काही आहे ते सर्व साक्षीदारांच्या जबान्या आहेत, त्याही तिच्या गैरहजेरीत घेतलेल्या. मुनसफाच्या आसनावरून अस्लान तिच्याविषयी एक अक्षरही उच्चारत नाही. मालेच्या पहिल्याच पुस्तकात राज्याभिषेकाच्या वेळी त्याने म्हटले होते, की नार्नियात एकदा राणी झालेली सदैव राणीच. आणि 1954 च्या 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये तो ठाम सांगतो, की मी प्रत्येकाला त्याचीच कथा सांगतो, दुसऱ्याची नव्हे. हे दोन ठराव रद्द झाल्याचे कोठेही नमूद नाही. भावंडांनी जे सांगितले तो फैसला समजणे ही आपली घाई आहे. लुईस यांनीही 1957 साली एका लहान वाचकाला लिहिले, की सूझन जिवंत आहे, तिला सुधारण्यास अवधी आहे, आणि कदाचित ती आपल्या वाटेने अस्लानच्या देशात पोहोचेलही.

तरी माझी तक्रार उरतेच, आणि ती मोक्षाविषयी नाही. एका दिवसात आईबाप आणि तिन्ही भावंडे गमावलेल्या मुलीचे काय झाले, याबद्दल पुस्तकात चकार शब्द नाही. नऊ वर्षांच्या वयात स्वतःची आई गमावलेल्या लेखकाला हे दिसू नये, याचे नवल वाटते. 1960 च्या फेब्रुवारीत दुसऱ्या एका वाचकाला त्यांनी कळवले, की सूझनच्या प्रवासाची कथा लांबलचक, प्रौढांच्या कादंबरीसारखी होईल. ती आपल्याच्याने होणार नाही, वाटल्यास तुम्हीच लिहून पाहा. त्याच जुलैत त्यांची पत्नी जॉय कर्करोगाने वारली. पुढच्या वर्षी एन. डब्ल्यू. क्लार्क या टोपणनावाने 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' नावाचे त्यांचे एक लहानसे पुस्तक निघाले, आणि त्यात शोकाकुल अवस्थेत देवाकडे धाव घेतली असता दार तोंडावर आपटून आतून कड्या घातल्या गेल्याचा अनुभव त्यांनी काहीही न लपवता लिहिला आहे. बऱ्याच पानांनंतर ते दार तितके बंद भासत नाही, आणि आपल्याच आक्रोशाने ते लागले होते की काय असा संशय त्यांना येतो. नील गेमन यांनी 2004 साली म्हाताऱ्या सूझनवर कथा लिहिली, तीही वाचनीय आहे. पण सूझनची कैफियत ऐकायची असे कोणी म्हणाले, तर त्याच्या हाती मी आधी हे लहानसे पुस्तकच देईन.