गोठा आणि शेड

मुलांना मातीत लोळू द्या, गुरांत वावरू द्या, म्हणजे पोटातले सूक्ष्मजीव सुधारतील आणि दमा जवळ फिरकणार नाही, असा सल्ला हल्ली आरोग्याच्या पुरवण्या सर्रास देतात. डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ साली मोठ्या कुटुंबांतल्या मुलांना गवतज्वर कमी होतो असे दाखवले. लहानपणीचे संसर्ग त्यांचे रक्षण करत असावेत, असे त्यांचे अनुमान होते. या सावध अनुमानाचे पुढे ‘घाण चांगली’ असे सरळसोट सूत्र झाले. ते मला चुकीचेच नव्हे, तर घातकही वाटते.

अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हे सूत्र खोडायला पुरेसा आहे. दोघांचे मूळ मध्य युरोपातले, वंश जवळचा, कुटुंबे मोठी, आहारही बराचसा सारखा. जनावरेही दोघांकडे आहेत. तरीही आमिश शाळकरी मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत २१ टक्के आढळले. आमिशांची शेती घोड्यांवर चालते, दुभती जनावरे घराशेजारी असतात आणि मुले लहानपणापासून तिथे वावरतात. हटराइटांची शेती सामुदायिक आणि यंत्रांची, गुरे घरांपासून लांब. प्रत्यक्ष तपासलेली मुले साठच होती, हा आक्षेप रास्त आहे. पण आमिश घरांतल्या धुळीच्या अर्काने उंदरांमधली दम्यासारखी लक्षणे आटोक्यात राहिली, हटराइट धुळीने राहिली नाहीत. बरे, धूळ जितकी जास्त तितके रक्षण जास्त, असेही नाही. २०१९ साली फिनलंडमधल्या अभ्यासात शेती नसलेल्या घरांतही, जिथले सूक्ष्मजीव शेतघरांतल्यांसारखे होते, तिथल्या मुलांना दमा कमी आढळला. सूक्ष्मजीवांच्या एकूण संख्येने किंवा वैविध्याने या फरकाचा उलगडा होत नव्हता. म्हणजे प्रश्न घाणीच्या प्रमाणाचा नाही. कोणते जीव कोणत्या वयात भेटतात, याचा आहे.

माझ्या मते खरी विभागणी स्वच्छता आणि घाण अशी नसून गोठा आणि शेड अशी आहे. घराला लागून चार जनावरे बाळगणे वेगळे आणि बंदिस्त छपराखाली हजारो जनावरे औषधांच्या आधाराने वाढवणे वेगळे. चीनमध्ये पशुवैद्यकाचे विद्यार्थी तीन महिने वराहपालन केंद्रांत राहिले, तेव्हा त्यांच्या आतड्यातले जिवाणू आणि प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके तिथल्या कामगारांच्या वळणावर गेली. नेदरलंड्समध्ये डुकरांबरोबर काम करणाऱ्यांच्या नाकात मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू मिळाला. जनावरांचा सहवास गोठ्यात आणि शेडमध्ये, दोन्हीकडे आहे. फळ मात्र वेगळे आहे. अशी जनुके अंगात असणे म्हणजे आजार नव्हे, हे मान्य. पण त्या माणसाला पुढे संसर्ग झाला, तर हाताशी उरणारी औषधे कमी होऊ शकतात. गोठ्यातही कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस या आजाराचा धोका असतोच, म्हणून कच्च्या दुधाची भलामण मी करणार नाही.

जनावरांना दिल्या जाणाऱ्या अशा औषधांपैकी कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले प्रतिजैविक. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याचा वापर करण्यास भारताने २०१९ साली बंदी घातली. ती योग्यच होती. आता शेडमध्ये राबणाऱ्या मजुरांचीही नियमित तपासणी व्हावी, आणि तिचा खर्च शेडच्या मालकाने उचलावा.