पूर आला, तर आधी कोण?



चंद्रभागेला पूर नवा नाही. भक्त पुंडलिकाचे मंदिर नदीच्या पात्रातच उभे आहे. पाणी चढले की ते बुडते, उतरले की पुन्हा दर्शन देते. आपल्या आजे-पणज्यांनीही हे पाहिले. मग आज वेगळे काय झाले?

वेगळा झाला तो पाऊस. हवा १ अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के अधिक बाष्प धरते. म्हणून कोरडे दिवस लांबतात आणि आठवड्याचा पाऊस एका रात्रीत कोसळतो. वर भीमेवर उजनी, नीरेवर वीर. दोन्ही धरणे भरलेली असताना असा पाऊस झाला, तर सोडलेले पाणी पंढरीच्या घाटांवरच येते. २०२० साली ऑक्टोबरात, पावसाळा सरत आला असताना, अशीच अतिवृष्टी झाली. १४ तारखेला कुंभार घाटाची भिंत कोसळून ६ जणांचे प्राण गेले. सगळा दोष आभाळाला देऊन मात्र सुटका नाही. वाळू उपसणारे आणि काठ अडवणारे हात माणसांचेच.

आता मनाला विचारा, अशा काळात आधी कोणाला जपायचे? कोणी म्हणेल, घाट आणि मंदिरे शेकडो वर्षांची, एकदा गेली की तशी पुन्हा होणे नाही. ती पुढच्या पिढ्यांचीही ठेव आहे. झोपडी काय, पुन्हा बांधता येते. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण ती झोपडी पुन्हा बांधतो कोण, तेही पाहा. होडी चालवणारा कोळी, तुळशीमाळा विकणारी माय. पाणी वाढले की यांना मुलाबाळांसह उठावे लागते आणि घराबरोबर रोजची कमाईही बुडते. घाटाचा दगड झिजायला शतके लागतात. संसार वाहून जायला एक रात्र पुरते.

उत्तर शोधायला दूर जायला नको. देव दारी आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने देवाला परत पाठवले नाही आणि सेवाही सोडली नाही. वीट पुढे केली, थांबायला सांगितले. देव रागावला नाही, थांबला. आपण ज्या क्षेत्राला ठेव म्हणतो, ते माणसाची सेवा आधी करण्यातूनच उभे राहिले. मग देवळाची डागडुजी नको का? हवीच. देवासाठीही पुंडलिकाने जागा केलीच होती. विटेने क्रम सांगितला, नकार नव्हे.

तेव्हा धोक्याचा अंदाज घेताना दगडांबरोबर दारेही मोजली जावीत. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे आहे? रात्री त्याला कोण उचलणार? वस्ती हलवायची तर होडीवाल्याचे पोट नदीपासून तुटणार नाही ना? आपले मठ आणि धर्मशाळा पुराच्या दिवसांत या शेजाऱ्यांसाठी उघड्या राहतील ना? पुढच्या वारीला निघण्याआधी आपल्या दिंडीत हे विचारा. वाळवंटात कचरा न टाकणे, वाटेवर लावलेले झाड पुढच्या वर्षी जगले का हे पाहणे, हेही वारीच्या नेमातच येऊ द्या.

पांडुरंगाला थांबायची सवय आहे, माउली. चढत्या पाण्याला ती नाही.