वही मिटल्यानंतरचे गणित

वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागताच महाविद्यालयीन विद्यार्थी गणितातील सिद्धता आणि सोडवलेली उदाहरणे पुनःपुन्हा वाचू लागतो, आणि वाचताना सारे सुबोध वाटत असल्यामुळे तयारी झाली असा त्याचा प्रामाणिक गैरसमज होतो. वस्तुतः, श्रोतेहो, वही मिटून कोऱ्या कागदावर तीच सिद्धता उभी करावी आणि त्याहीपुढे जाऊन – छापील टिपणांत याला फारसा थारा नसतो – प्रमेयातील एखादी अट मुद्दाम खारीज करून पाहावी. फलनाचा अवकलज अंतरालात कोठेतरी शून्य होतो असे सांगणाऱ्या रोलच्या प्रमेयातून अवकलनीयतेची अट काढली, तर उणे १ ते १ या अंतरालात केवलमूल्याचे फलन सर्वत्र संतत आणि दोन्ही टोकांशी समान असूनही त्याचा अवकलज कोठेही शून्य होत नाही, कारण शून्यापाशी तो अस्तित्वातच नसतो. उदाहरणेही सरमिसळ करूनच सोडवावीत. प्रश्नपत्रिकेवर प्रकरणाचे नाव छापलेले नसते.