अनुभवाचा दाखला

अंधेरीच्या सीप्झमध्ये १९७३ साली निर्यातीसाठी उद्योगवसाहत उभी राहिली आणि पुढे तेथील संगणकाच्या कामाने आपल्या उपनगरांतील कितीतरी सुशिक्षित तरुणांना पहिली नोकरी दिली. आज पदवीधर मुलगा ‘डेटा’ची नोकरी शोधू लागला, की नवख्यांच्या जागेलाही दोन वर्षांचा अनुभव मागितलेला आढळतो. मग कोणीतरी पैसे घेऊन, अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचा दाखला देऊ करतो. ‘फादर, अटच अन्यायाची असेल, तर हे खोटे पाप ठरेल का?’

प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. शिकूनसवरून कामाला सिद्ध झालेल्या तरुणांच्या बेकारीचे दुःख पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक विश्वपत्रात आवर्जून नोंदविले आहे. तरीही आम्ही ‘होय, ठरेल’ असेच म्हणतो. पकडले जाण्याच्या भीतीने नव्हे. (ॲक्सेंचरने २०२२ साली अशा दाखल्यांवरून भारतातील कर्मचाऱ्यांना काढले, हे खरे.) त्या दाखल्याने मालकापेक्षाही अधिक नाडला जातो तो त्याच रांगेत खरा अर्ज घेऊन उभा असलेला शेजारचा मुलगा. अट घालणारा वेगळाच. तिची किंमत भरतो हा. सरकारच्या खुल्या आकडेवारीवर घरी बसून केलेले काम अवश्य दाखवावे. मात्र ‘घरी केले’ असेच लिहावे.

पण सारा भार बाविशीच्या पोरावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. आपल्याच धर्मग्रामातील काही जण आज निवड करणाऱ्यांच्या खुर्चीत आहेत. ती दोन वर्षांची अट खरोखरच हवी होती का, हे आम्हाला त्यांना विचारायचे आहे.