पांढऱ्या विदूषकाचा स्वधर्म

'सोंग' हा शब्द आपण दोन तोंडांनी वापरतो. 'सोंगं करू नकोस' म्हणताना त्यात लबाडीचा आरोप असतो, आणि दशावतारातलं सोंग रात्रभर जागून बघताना त्यात भक्ती असते. धर्मविचारातही हा पेच जुना आहे. शुभवर्तमानांत दांभिकासाठी जो ग्रीक शब्द येतो, तो मुळात रंगभूमीवरच्या नटाचा शब्द. फ्रान्समध्ये चर्चने नटांना दीर्घकाळ दूर ठेवलं. 1673 साली नाटककार आणि नट मोलिएर वारला तेव्हा खुद्द राजाने मध्ये पडूनही त्याचं दफन रात्रीच्या वेळीच करावं लागलं. इकडे ज्ञानेश्वरांनी तिसऱ्या अध्यायात कर्मयोग समजावताना दाखला दिला तो बहुरूप्यांचाच: त्यांच्या मनात राजाराणीचा भाव नसतो, पण लोकांसमोर ते ती भूमिका चोख वठवतात. एकाला ज्यात दंभाचं मूळ दिसलं, त्यातच दुसऱ्याला अनासक्तीची खूण दिसली. सोंग घेण्यातच ज्याचं आयुष्य गेलं, आणि सोंगंही पुन्हा पुन्हा बदलली, अशा माणसाला स्वधर्म असतो असं म्हणता येईल का? नुसत्या तर्काने याचा निकाल लागत नाही. त्यासाठी एखादं अख्खं आयुष्य तपासावं लागतं, आणि प्येर एतेक्स या फ्रेंच कलावंताचं आयुष्य त्यासाठी मला फार मोलाचं वाटतं.

एतेक्स 1928 साली रोआन गावात जन्मला. हात चित्रकाराचा, ओढ सर्कसची. चित्रपट-दिग्दर्शक झाक तातीकडे तो विनोदाच्या जागा रचायला राहिला. तातीच्या 1958 च्या 'मों ओंक्ल' या चित्रपटाचं पोस्टरही त्यानेच काढलं. पुढच्याच वर्षी दिग्दर्शक ब्रेसाँच्या 'पिकपॉकेट'मध्ये तो पडद्यावर दिसला. मग झाँ-क्लोद कारिएरबरोबर लिहून त्याने स्वतःचे चित्रपट केले. त्यांतल्या एका लघुपटाला ऑस्कर मिळालं. 1962 ते 1971 या काळात पाच मोठे चित्रपट झाले, आणि त्यानंतर हा माणूस सर्कसच्या रिंगणात विदूषक म्हणून उभा राहिला. वरवर बघणाऱ्याला ही धरसोड वाटेल. मला ती तशी वाटत नाही, कारण माध्यम बदललं तरी त्याचं काम एकच राहिलं: फजिती स्वतःच्या अंगावर घेणं. 1961 चा त्याचा पहिला लघुपट 'रुप्त्यूर' बघा. प्रेयसीने संबंध तोडल्याचं पत्र आलंय आणि याला उत्तर लिहायचंय, एवढीच गोष्ट. पण टाक ऐकत नाही, शाई ऐकत नाही, टेबलसुद्धा उलटतं. ज्या वस्तूंना माणूस 'माझ्या' म्हणतो, त्यांनी ते 'माझेपण' एकेक करून नाकारलेलं इथे दिसतं. ममत्वावरची कितीतरी प्रवचनं जे सांगू पाहतात, ते इथे एका लिहायच्या टेबलापाशी घडतं.

1965 च्या 'योयो'त तर त्याने स्वधर्माचा प्रश्न उघडच मांडलाय. 1925 सालचा एक कोट्यधीश प्रचंड वाड्यात एकटा कंटाळून बसलाय. एतेक्सने हा भाग मूकपटासारखा ठेवला. शब्द नाहीत, दारं मात्र करकरतात. 1929 च्या मंदीत पैसा बुडतो आणि तो आपल्या प्रेयसीबरोबर आणि मुलाबरोबर फिरत्या सर्कशीच्या वाटेला लागतो. मुलगा मोठा होऊन नामांकित विदूषक होतो, आणि कमावलेल्या पैशातून बापाचा वाडा पुन्हा उभा करतो. वाड्यात मेजवानी चाललेली असताना एक हत्ती आत शिरतो, मुलगा त्याच्या पाठीवर बसतो आणि सगळं मागे टाकून निघून जातो. वाडा त्याचा वारसा होता, जन्माने मिळालेला. पण आयुष्याने त्याला ज्यासाठी घडवलं होतं ते वाड्याबाहेर होतं.

इथेच खरा आक्षेप समोर येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. परंपरेने स्वधर्म म्हणजे जन्माने वाट्याला आलेलं काम. त्या मापाने सर्कस एतेक्सची नव्हेच. ती त्याची बायको आनी फ्रातेलिनी हिची. तिचे आजोबा पॉल हे सर्कसच्या जगातल्या प्रसिद्ध फ्रातेलिनी बंधूंपैकी एक. मग गीतेने ज्याला भयावह म्हटलं तो परधर्मच याने पत्करला, असं कोणी म्हणेल. पण आनीकडेही नीट बघायला हवं. विदूषकांच्या जोडीत एक पांढरा असतो आणि एक ऑगुस्त. पांढऱ्याचा चेहरा पिठासारखा, वर काळ्या रेघेने काढलेली एक उंच भुवई, डोक्यावर निमुळती टोपी, अंगात चमचमत्या टिकल्यांचा पोशाख. तो ताठ, शहाणा, हुकूम सोडणारा. ऑगुस्त म्हणजे ढगळ कपड्यांचा, मोठ्या बुटांचा, सतत चुकणारा. बायकांनी ऑगुस्त व्हायची रीत सर्कशीत जवळजवळ नव्हतीच. आनी ऑगुस्त झाली. ज्या घराण्यात ती जन्मली, त्याने तिला रिंगण दिलं. रिंगणातली जागा तिने स्वतः निवडली. पुढे 1970 च्या दशकात या दोघांनी पॅरिसमध्ये सर्कसची शाळा काढली. तोवर फ्रान्समध्ये ही विद्या बहुतेक बापाकडून मुलाकडे, घरातल्या घरात जायची. तिचं दार त्यांनी बाहेरच्यांना उघडून दिलं. स्वधर्म रक्ताने ठरतो या समजुतीला मला यापेक्षा चांगलं उत्तर माहीत नाही.

आणि एतेक्सने स्वतः कोणती जागा घेतली? पांढऱ्याची. ज्याच्या नावावर चित्रपट चालले होते, त्याने हशा बायकोच्या पदरात टाकला आणि आपण ताठ उभा राहिला. पांढरा विदूषक डगमगला नाही तरच ऑगुस्तचं पडणं लोकांना दिसतं. एरवी फजिती अंगावर घेणाऱ्याने इथे ती दुसऱ्याला का दिली, असं विचारता येईल. पण रिंगणात मूर्ख शेवटी पांढराच ठरतो. त्याचा सगळा रुबाब ऑगुस्तच्या एका भाबड्या चुकीने कोसळतो, आणि तो कोसळावा म्हणूनच तो इतक्या मेहनतीने उभा केलेला असतो. बहुरूप्याच्या त्या जुन्या दाखल्यात जे आहे ते हेच. सोंग दंभ होतं ते लपवल्यावर. रंगवलेला चेहरा लपवत काहीच नाही; तो रंगवलेला आहे हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं.

एका ठिकाणी मात्र एतेक्स फजिती स्वतःवर घेण्याच्या कसोटीला उतरला नाही असं मला वाटतं. 1971 च्या 'पेई द कोकान्य'मध्ये तो जवळजवळ सगळा वेळ कॅमेऱ्यामागे राहिला आणि सुटीवर गेलेल्या सामान्य फ्रेंच माणसांचं खाणं, गाणं, बोलणं त्याने पडद्यावर मांडलं. लोक चिडले, समीक्षकही चिडले. त्या रागात अन्याय होता. चित्रपटाचा रोख त्या माणसांना काय विकलं जातंय यावरही होता. पण फजिती पहिल्यांदाच दुसऱ्यांची होती, आणि ती अंगावर घ्यायला तो स्वतः तिथे नव्हता. रिंगणात ती पुन्हा त्याच्या अंगावर आली. म्हणूनच, सिनेमाचं दार बंद झालं म्हणून तो नाइलाजाने सर्कशीत गेला, हा आक्षेप मला अपुरा वाटतो. दार बंद झालं हे खरं. पण रिंगणाची भाषा सहा वर्षं आधीच त्याच्या 'योयो'त होती, आणि नाइलाजाचंच म्हणायचं तर कुरुक्षेत्रावर अर्जुनही काही हौसेने उभा नव्हता.

उरतो गीतेतल्या कर्मफळाचा प्रश्न. त्याचे चित्रपट हक्कांच्या वादात असे अडकले की वर्षानुवर्षं ते कुणालाच बघता येईनात. तो कोर्टात लढला. 2009 साली पन्नास हजारांवर लोकांनी त्याच्या बाजूने सह्या केल्या. फळाची आस सोडलेला माणूस कोर्टात कशाला जातो, हा सवाल रास्त आहे. पण फळ आणि काम यांत फरक आहे. विदूषकाचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांपाशी पुरं होतं. डब्यात बंद पडलेला विनोद अर्धाच राहतो. तो भांडला त्या उरलेल्या अर्ध्यासाठी. 2010 साली दुरुस्त केलेल्या प्रती पुन्हा पडद्यावर आल्या तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती, आणि ज्यांच्या जन्माआधी ते चित्रपट बनले होते अशी माणसं अंधारात बसून त्या टाकावर, त्या शाईवर, त्या उलटणाऱ्या टेबलावर हसत होती.