घडवणाऱ्याचा शब्द

एखाद्या घरापुढे ‘विकणे आहे’ अशी पाटी दिसली, की आपली पावले क्षणभर थबकतात. घर कुणी बांधले, कशासाठी विकायला काढले, असे प्रश्न मनात येतात. पण ज्याने आयुष्यातली काही वर्षे वेचून एखादी वस्तू स्वतःच्या हातांनी घडवली, तोच ती विकायला काढतो तेव्हा हे कुतूहल एका नैतिक प्रश्नापाशी येऊन ठेपते. तो नेमके काय विकतो? आणि वस्तू हातावेगळी झाली, की त्याची जबाबदारीही संपते काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही एक दूरचे उदाहरण घेत आहोत. ते आहे अमेरिकेतील ‘हॉट रॉड’ मोटारीचे.

हॉट रॉड म्हणजे जुन्या, साध्या मोटारीची काटछाट व फेरबांधणी करून तिला दिलेले वेगवान रूप. फोर्डच्या कारखान्यांतून १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटीहून अधिक मोटारी बाहेर पडल्या. पुढे त्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा मोटारीत आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे ‘व्ही-एट’ इंजिन बसवले. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांच्या हाती जणू घबाडच लागले. खिशात पैसा बेताचा, पण हातात कसब आणि मनात वेगाचे वेड. त्यांनी मडगार्ड काढून टाकले, जादा वजन उतरवले, इंजिनावर एकाच्या जागी दोन-तीन कार्बुरेटर चढवले आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात ते शर्यती लावू लागले. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करातून परतलेल्या जवानांनी या छंदाला नवे बळ दिले. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला आणि १९४९ पासून या संस्थेच्या वेगचाचण्या युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावरही होऊ लागल्या.

काळ पालटला. कारखानेच वेगवान गाड्या विकू लागले आणि घरच्या परसात गाडी बांधण्याची गरज उरली नाही. तरीही आज तेथे ‘पारंपरिक’ हॉट रॉड बांधणारे कारागीर आहेत. नवी साधने हाताशी असताना ते मुद्दाम १९४० किंवा १९५० च्या दशकातील मर्यादा पाळतात. इंजिन त्या काळचे, चाके त्या काळची, कार्बुरेटरही त्या काळात गाजलेले ‘स्ट्रॉमबर्ग’. असा एखादा सुटा भाग मिळवण्यासाठी ते गावोगावचे जुने बाजार पालथे घालतात. कूप जातीच्या गाडीचे छप्पर बुटके करायचे, तर खिडक्यांमधले खांब काही इंच कापून पुन्हा जुळवावे लागतात. वरचा भाग खालच्यापेक्षा अरुंद असल्याने कापलेली टोके सहजी जुळत नाहीत. पत्रा ठोकून, ताणून, डाग देऊन ती जुळवावी लागतात. मग त्या सांध्यांवर वितळलेले शिसे चढवून ते कानशीने घासले जाते आणि शेवटी रंगाचा हात फिरला, की कापल्याची खूणही उरत नाही.

अशी गाडी बांधणाऱ्यानेच एके दिवशी विकायला काढावी, याचे आपल्याला नवल वाटते. इतका जीव लावलेली वस्तू त्याला विकवते तरी कशी? काहींना ती कष्टांशी प्रतारणाही वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. हॉट रॉडचा जन्मच मुळी इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून झालेला असतो. एकाने सोडले म्हणून दुसऱ्याला घडवता आले. डोन स्पेन्सर या कॅलिफोर्नियातील कारागिराने १९४० च्या दशकात बांधलेली १९३२ सालची फोर्ड रोडस्टर हे या परंपरेतले एक नावाजलेले उदाहरण आहे. पुढे स्पेन्सरने ती विकली आणि ती एकाहून अधिक हातांतून गेली. १९९७ साली पेबल बीच येथील उंची मोटारींच्या प्रदर्शनात हॉट रॉडना प्रथमच स्वतंत्र वर्ग मिळाला, तेव्हा त्या वर्गात हीच गाडी पहिली आली. त्या वेळी तिची मालकी दुसऱ्याची होती, पण आजही ती स्पेन्सरच्याच नावाने ओळखली जाते. मालकी विकता येते. कर्तेपण विकता येत नाही, म्हणून ते गमावण्याचे भयही नसते.

कष्टांच्या मोलाचा प्रश्नही येथे येतो. तासांचा हिशेब मांडून कारागीर किंमत ठरवू लागला, तर गिऱ्हाईक मिळणे कठीण. त्याने रात्री जागवल्या त्या कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हौसेने. त्या हौसेचा आनंद त्याला तेव्हाच मिळून चुकला आहे. त्याची भरपाई गिऱ्हाइकाकडे मागणे योग्य नाही. तसेच, कारागिराला पैशाची निकड आहे हे ओळखून गिऱ्हाइकाने त्याच्या कौशल्याची किंमत भंगाराच्या भावाने करणे, हाही अन्यायच होय. दोघांनी एकमेकांची गरज न लुबाडता केलेला सौदा आम्ही न्याय्य मानतो.

परंतु खरा पेच याहून खोल आहे आणि तो रंगाखाली दडलेला आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीमागे नकाशे असतात, चाचण्या असतात. परसात बांधलेल्या गाडीमागे बहुधा एकट्या कारागिराची स्मृती असते. सांगाड्याचा कोणता जोड पक्का आणि कोणता घाईत केलेला, शिशाचा थर कोठे पातळ आणि लांबी भरून पोकळी कोठे झाकली, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. १९३२ च्या मूळ फोर्डला कांबींनी ओढले जाणारे ब्रेक होते. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक फोर्डने १९३९ च्या गाड्यांपासून आणले. इंजिनाची ताकद वाढवलेल्या गाडीला नंतरचे ब्रेक बसवण्याची प्रथा आहे. पण ते कुणी, कसे बसवले, यावर चालवणाऱ्याचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाचाही जीव अवलंबून असतो.

वयाचे सोंगही आणता येते. आज १९३२ च्या घाटाचे नवे कोरे पोलादी सांगाडे तयार मिळतात. नव्या पत्र्यावर मुद्दाम गंज चढवून, रंग घासून त्याला जुनेपणाची कळा देता येते. हे सांगून केले तर ती सजावट होय. न सांगता केले तर ती लबाडी. वस्तू तीच, रंग तोच, पण एका वाक्याच्या असण्या-नसण्याने कृत्याचे नैतिक स्वरूप पालटते.

यावर कुणी म्हणेल, की ‘आहे त्या स्थितीत’ अशी अट घालून विकले म्हणजे झाले. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. कायद्याच्या दृष्टीने काही ठिकाणी हे पुरेसेही असेल. पण ज्या सांध्याला कानस लावून, रंग देऊन आपणच अदृश्य केले, तो दुसऱ्याने पाहून घ्यावा असे म्हणणे कितपत प्रामाणिक? डोळ्यांना दिसते तेथे पाहण्याचे कर्तव्य घेणाऱ्याचे. डोळ्यांना दिसत नाही तेथे सांगण्याचे कर्तव्य घडवणाऱ्याचे. आणि सत्य सांगितल्याने किंमत उतरते, यातच त्या सत्याचे मोल कळते. ‘हा जोड मला मनासारखा साधला नाही, तो पुन्हा करून घ्या’ असे सांगणाऱ्याला चार पैसे कमी मिळतील. पण त्याने दुसऱ्याच्या मुलाबाळांना त्या गाडीत निर्धास्तपणे बसण्याची सोय करून दिली.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत असे मनमानी फेरफार करू देत नाही. त्यामुळे हॉट रॉड आपल्या अंगणात उभी राहण्याचा संभव कमी. प्रश्न मात्र अंगणात केव्हाच येऊन उभा आहे. भिंतीआड गेलेल्या नळाचा सांधा गवंड्यालाच ठाऊक असतो, दागिन्यातला डाग सोनारालाच. जुने घर विकताना पावसाळ्यात कोणती भिंत ओल धरते, हे आपल्यालाच ठाऊक असते आणि म्हणूनच अनेकदा गिऱ्हाइकाला घर दाखवण्यासाठी आपण उन्हाळ्याचे दिवस निवडतो. या कबुलीतून आम्ही स्वतःला वगळत नाही.

म्हणून त्या दूरदेशीच्या कारागिराचे चित्र आम्ही मनाशी असे रंगवतो. सौदा ठरला आहे, पैसे मोजून झाले आहेत. किल्ली देण्यापूर्वी तो नव्या मालकाला गाडीभोवती फिरवतो, गुडघे टेकून खाली वाकतो आणि बोटाने एकेक जागा दाखवतो: येथे कापले आहे, येथे जोडले आहे, येथे दर वर्षी पाहत जा. मग तो मागे सरतो. गाडी रस्त्याला लागते. इंजिनाचा आवाज दूर जात जात विरतो, तरी तो तेथेच उभा असतो. मनाला रुखरुख लागली असेल. पण त्या रात्री पहिल्या वळणावर काय होईल, या धास्तीने त्याची झोप मोडणार नाही.