शिट्टी आणि भाचा

फर्दापुरात शालेय कबड्डीचा सामना होता. पंचाची शिट्टी माझ्या हाती दिली गेली आणि पाहतो तो संघात सख्खा भाचा! मी शिट्टी परत केली. "गुरुजी, तुम्ही का लबाडी करणार?" मंडळी म्हणाली. लबाडीचे भय नव्हतेच. भय होते ते निःपक्षपाती दिसण्याच्या हौसेचे. त्या हौसेपायी मी पोराला उगाच बाद दिले असते. १९८६ साली पाकिस्तान-वेस्ट इंडीजच्या लाहोर कसोटीत पिलू रिपोर्टर आणि रामस्वामी हे भारतीय पंच उभे राहिले, ते शंकेला जागाच नको म्हणून.

बदली पंचाने भाच्याला चुकीचे बाद दिले. मी पाहिले, गप्प बसलो. भाऊबीजेला ओवाळताना बहीण काही बोलली नाही.